येसूबद्दल न सांगितलेलं

ज्या काळी गावांना वेशी होत्या आणि राजाचा हुकूम दवंडीने कळायचा, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात, ओढ्याकाठच्या एका गावात हैबती नावाचा रंगारी राहत असे. त्याची बायको गोजरा. दोघं मिळून सूत आणि कापड रंगवत. त्यांना एकच लेक होती, येसू. वय आठ वर्षं.

येसू इतर मुलांसारखी नव्हती. नावाने हाक मारली तर ती वळून बघत नसे. बोलायची, पण कमी, आणि पुष्कळदा दुसऱ्याचंच वाक्य जसंच्या तसं म्हणायची. आनंद झाला की दोन्ही हात पाखराच्या पंखांसारखे हलवायची. तांब्याचं भांडं नुसतं खाली पडलं तरी कान दाबून किंचाळायची. मग गोजरा तिला जाड घोंगडीत घट्ट गुंडाळायची आणि तशीच मांडीवर धरून बसायची. हळूहळू येसूचा श्वास शांत व्हायचा.

आईबापांना तिची सवय झाली होती. गावालाही थोडीफार झाली होती.

पण एके दिवशी गावात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! आठ वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक मुलामुलीने येत्या पौर्णिमेच्या आत शिक्षकाकडे बसलं पाहिजे. हे मूल माझ्याकडे बसतं, असं ज्याच्याबद्दल एकही शिक्षक सांगणार नाही, त्याला राजाच्या सांभाळघरात नेलं जाईल हो!"

सांभाळघर नदीपलीकडे होतं. त्याच्याभोवती उंच भिंत होती. आत काय चालतं ते कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की तिथे गेलेलं मूल सणालाही घरी येत नाही.

गोजराच्या हातातलं ओलं कापड हातातच राहिलं. तिने येसूकडे पाहिलं. येसू सुताच्या गुंड्या रंगाप्रमाणे ओळीत लावत बसली होती. दवंडीच्या ढोलकीमुळे तिने कान दाबले होते, आणि कोपरानेच ती गुंड्या पुढे सरकवत होती.

त्या दिवसापासून गोजराच्या मनात भीतीने घर केलं. चूल पेटवताना भीती, पाणी भरताना भीती. दारात कुणाची सावली पडली तरी तिला वाटे, आले, माझ्या लेकीला न्यायला आले.

हैबती म्हणाला, "डोंगरावरच्या मोठ्या पाठशाळेत घालू तिला. साऱ्या राज्यात तिचं नाव आहे. तिथे मूल गेलं की कुणाची बोट दाखवायची टाप नाही."

"अहो, पण तिथे हिला घेतील का?"

"घेतील. आपण शिकवून नेऊ."

मग त्यांनी येसूला शिकवायला सुरुवात केली. अक्षरं नव्हे. हात हलवायचे नाहीत, हे शिकवलं. कान दाबायचे नाहीत, हे शिकवलं. कुणी नाव विचारलं तर, "माझं नाव येसू, मला शिकायचं आहे," एवढं म्हणायचं. डोळ्यांत बघवत नसेल तर समोरच्याच्या कपाळाकडे बघायचं.

येसू चुकली की हैबती पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घ्यायचा. येसूचे हात हलले की गोजरा ते आपल्या हातांत पकडून ठेवायची. धरलेले हात आतल्या आत थरथरायचे. गोजराला ते जाणवायचं. पण सांभाळघराची भिंत आठवली की ती हात आणखी घट्ट धरायची.

पौर्णिमेला पाच दिवस उरले, तेव्हा तिघं डोंगरावर गेली.

पाठशाळा दगडी आणि भव्य होती. दीडशे मुलं एका सुरात पाठ म्हणत होती. मधल्या चौकात माणसाच्या उंचीची पितळी घंटा टांगलेली होती. ती पाहून गोजराच्या अंगावर काटा आला.

मुख्य गुरुजी म्हातारे आणि करारी होते. त्यांनी येसूला जवळ बोलावलं. "बाळ, नाव काय तुझं?"

येसूने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. "माझं नाव येसू, मला शिकायचं आहे."

हात तिने मांड्यांना चिकटवून ठेवले होते. गुरुजी प्रसन्न झाले. "मुलगी शांत आहे. आमच्याकडे शांत मुलांचं चांगलं होतं." मग ते आईबापांकडे वळले. "हिच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

गोजराने तोंड उघडलं. घंटेबद्दल सांगावं, घोंगडीबद्दल सांगावं, असं तिला फार वाटलं. तिने हैबतीकडे पाहिलं. हैबतीने किंचित नकारार्थी मान हलवली.

"नाही, गुरुजी," गोजरा म्हणाली. "सांगण्यासारखं काही नाही."

तिथे अशी रीत होती, की पहिले तीन दिवस नव्या मुलांच्या आईबापांनी डोंगराच्या पायथ्याशी धर्मशाळेत थांबायचं, आणि वर यायचं नाही. तीन दिवसांनी मूल रुळलं, असं समजून घरी जायचं.

पहिल्या दिवशी हैबती धर्मशाळेतल्या लोकांना सांगत होता, "आमची लेक वरच्या पाठशाळेत आहे." गोजरा ओट्यावर बसून घंटा मोजत होती. दिवसातून आठ वेळा घंटा व्हायची. आवाज डोंगरावरून खाली यायचा तेव्हा मऊ झालेला असायचा. तरी प्रत्येक टोल्याला गोजरा आपलेच कान दाबून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी तिने हैबतीला म्हटलं, "मी वर जाऊन सांगते सगळं."

"सांगितलंस की काढून टाकतील. आणि काढून टाकलं की कुठे जाईल ती? ठाऊक आहे ना?"

गोजरा पुन्हा ओट्यावर जाऊन घंटा मोजू लागली.

तिसऱ्या दिवशी, ऊन चढत असताना, वेळ झालेली नसताना घंटा वाजू लागली. आठ टोले झाले, दहा झाले, थांबेचना. वरून एक सेवक धावत खाली आला.

"रंगाऱ्याची पोर सकाळपासून दिसत नाही!"

गोजरा चप्पल न घालता धावली. चढावर काटे होते, तिला कळलेही नाहीत. वाटेत सेवक धापा टाकत सांगत होता. मुलगी पहिल्या घंटेलाच किंचाळली. तिला गप्प बसवायला मागच्या खोलीत ठेवली. दोन दिवस काही खाल्लं नाही. आज दार उघडं मिळताच पळाली.

"आणि ही घंटा का वाजवताय?" गोजराने ओरडून विचारलं.

"तिला ऐकू यावं म्हणून. आवाजाच्या दिशेने परत येईल ना ती."

गोजराला रडूही आलं नाही. ती पळत राहिली.

पाठशाळेच्या मागे दगडाची जुनी खाण होती. दगड काढून काढून तिथे खोल खड्डा झाला होता, आणि त्यात हिरवं, थंड पाणी साचलं होतं. त्या पाण्यावर दगडाचा एक अरुंद कंगोरा पुढे आलेला होता. त्याच्या टोकाशी येसू उभी होती. दोन्ही कान दाबलेले, डोळे मिटलेले.

काठावर पंचवीसतीस माणसं जमली होती. सगळी ओरडत होती. "येसू! परत ये! पोरी, पडशील!" पाठीमागे घंटा वाजतच होती. एक सेवक कंगोऱ्यावरून तिच्याकडे सरकू लागला. त्याची चाहूल लागताच येसू एक पाऊल मागे गेली. तिच्या टाचेखालचे दोन खडे सुटले आणि पाण्यात पडले.

हैबती गर्दी फोडून पुढे झाला. "येसू! इकडे ये! ये म्हणतो ना!" त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

येसू आणखी अर्धं पाऊल मागे गेली. आता मागे जायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात खाणीच्या कडेच्या लव्हाळ्यातून एक म्हातारी वर आली. तिचं नाव भिवराबाई. ती खालच्या वाडीत धान्याच्या एका रिकाम्या कोठारात अकरा मुलांना शिकवायची, आणि त्यांच्यासाठी लिहायचे बोरू करायला इथून काड्या न्यायची. तिच्या काखेत तोडलेल्या बोरूंची मोळी होती.

तिने येसूकडे पाहिलं. मग ती आधी गर्दीकडे वळली.

"तोंडं बंद करा," ती हळूच म्हणाली. "पोर पाण्याला नाही भ्यायलेली, तुम्हाला भ्यायलीय. आणि ती घंटा थांबवा कुणीतरी."

आवाज चढवलेला नव्हता, तरी माणसं गप्प झाली. एक जण धावत गेला. घंटा थांबली. हैबतीने आपल्याच हाताने आपलं तोंड दाबून धरलं.

भिवराबाई कंगोऱ्याच्या सुरुवातीला बसली. येसूकडे पाठच केली म्हणा ना. तिने मोळी सोडली आणि एकेक बोरू दगडावर मांडायला लागली. लांब, मग त्याहून आखूड, मग त्याहून आखूड. ती काही बोलली नाही. तिने हाक मारली नाही, हात पुढे केला नाही.

बराच वेळ गेला. गोजरा काठावर गुडघ्यांवर बसली होती. तिला वाटत होतं, आपण श्वास घेतला तरी येसू पडेल.

येसूने कानांवरचे हात थोडे सैल केले. डोळे उघडले. दगडावरच्या बोरूंची ओळ तिला दिसली. त्यात एक बोरू चुकीच्या जागी लागला होता. लांबाच्या आधी आखूड.

येसू एक पाऊल पुढे आली. थांबली. आणखी एक पाऊल आली. मग ती म्हातारीच्या शेजारी उकिडवी बसली, चुकलेला बोरू उचलला आणि जागेवर ठेवला.

"तिथे होय त्याची जागा," भिवराबाई म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

गोजराने कुणाची तरी घोंगडी ओढून घेतली, हळूच पुढे गेली आणि येसूला घट्ट गुंडाळली. मग मात्र तिला रडू फुटलं. हैबती जवळ आला नाही. तो लांबच जमिनीवर बसून राहिला. आपल्या हाकेने लेक मागे गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुख्य गुरुजीही आले होते. "बाई, घंटेचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, गुरुजी?" गोजराने विचारलं.

गुरुजी खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "घेतलं नसतं तिला." मग म्हणाले, "अजूनही माझ्याकडे ठेवता येईल. त्या खोलीला बाहेरून कडी लावू. पुन्हा पळणार नाही. हुकूमही पाळला जाईल."

पौर्णिमेला दोन दिवस राहिले होते. एका बाजूला कडी लावलेली खोली, दुसऱ्या बाजूला सांभाळघराची भिंत. गोजराने येसूला आणखी जवळ ओढलं. मग ती म्हातारीकडे वळली.

"आजी, तुम्ही घ्याल हिला?"

भिवराबाईने लगेच हो म्हटलं नाही. ती बोरू गोळा करत राहिली. "मला जमेल की नाही, ठाऊक नाही," ती म्हणाली. "असं मूल माझ्याकडे कधी बसलेलं नाही. आज जमलं ते नशीब. आधी मला हिच्याबद्दल सगळं सांगा. काय लपवू नका."

गोजराने हैबतीकडे पाहिलं. या वेळी हैबतीने मान खाली घातली, आणि त्यानेच बोलायला सुरुवात केली.

"भांडं पडलं की तिला सोसत नाही," तो म्हणाला. "आमटी भाताला लागली तर ती जेवत नाही. रागावली की चावते. मला चावलीय दोनदा. आणि हात हलवते ते, तिला बरं वाटतं म्हणून हलवते. आम्ही ते बंद केलं होतं."

पुढचं गोजराने सांगितलं. सावल्या कलेपर्यंत ती सांगत होती. घोंगडीचं सांगितलं, दुसऱ्याची वाक्यं म्हणण्याचं सांगितलं, अचानक पळून जाण्याचं सांगितलं. प्रत्येक गोष्ट सांगताना तिला वाटे, ही ऐकून म्हातारी उठून जाईल. म्हातारी उठली नाही. मध्येच फक्त विचारायची, "मग तेव्हा तुम्ही काय करता?"

दोन दिवसांनी राजाचा कारकून वाडीत आला. कोठाराचं मोडकं दार पाहून त्याने नाक मुरडलं. "म्हातारे, ही मुलगी तुझ्याकडे शिकते का?"

गोजराने येसूला आपल्यामागे घेतलं.

"बसते," भिवराबाई म्हणाली. "कालपासून बसते. शिकते की नाही, ते दिवाळीपर्यंत मला विचारू नका. हुकमात 'बसतं' एवढंच म्हटलंय."

कारकुनाने हुकूम पुन्हा वाचला. तसंच लिहिलेलं होतं. तो पुटपुटत निघून गेला.

आता सगळं सोपं झालं असेल, असं तुम्हाला वाटलं ना? तसं झालं नाही.

हैबतीने आपले रांजण आणि कढया वाडीतल्या ओढ्यावर आणल्या. तिथल्या पाण्यात तांबडा रंग पूर्वीसारखा चढत नसे. जुन्या गावातले लोक म्हणत, डोंगरावरची पाठशाळा सोडून पोरीला कोठारात घातली, रंगाऱ्याला वेड लागलं. हैबती ऐकून घेई आणि कापड पिळत राही.

चौथ्याच दिवशी एका मुलाने येसूच्या कानाजवळ पाटी आपटली, आणि येसू त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्याची आई भांडत आली. गोजराला वाटलं, संपलं. आता म्हातारी म्हणेल, घेऊन जा.

संध्याकाळी भिवराबाई दारात उभी राहिली. "आज येसू चावली," ती म्हणाली.

"मला कळलं, आजी." गोजरा म्हणाली.

"उद्या तिला जरा उशिरा आणा. सकाळी पोरं फार आरडाओरडा करतात. दमली की बसतात गप्प, तेव्हा आणा. आणि त्या पोराला मी सांगितलंय, पाटी आपटायची नाही. येसूलाही सांगितलंय, चावायचं नाही. दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागेल." एवढं बोलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी गोजराने पाहिलं, तर कोपऱ्यात दोन रिकाम्या कणग्यांमध्ये एक जाड घोंगडी अंथरलेली होती. नको झालं की येसूने तिथे जाऊन बसायचं. बरं वाटलं की परत यायचं. पण परत यायचंच, अशी म्हातारीची अट होती. तिने येसूचे लाड केले नाहीत. पाट्या पुसायचं काम दिलं. पाळी येईपर्यंत थांबायला शिकवलं. ते शिकायला पाच महिने लागले.

दिवाळी आली, तेव्हा येसूला सात अक्षरं येत होती. बाकीच्या मुलांना पूर्ण बाराखडी येत होती. गोजराने ते मोजलं, आणि तिची जुनी भीती पुन्हा जागी झाली. ही कधी पुढे जाईल? आपण नसू तेव्हा हिचं काय होईल? हे प्रश्न तिला रोज पडत. भिवराबाईलाही तिने विचारलं होतं. म्हातारी म्हणाली होती, "मला नाही ठाऊक, बाई. उद्या आठवं अक्षर घेते, एवढं ठाऊक आहे."

असं एक वर्ष गेलं.

एका सकाळी गोजरा कढईतलं सूत ढवळत होती. हात मंजिष्ठेच्या रंगाने लाल झाले होते. सूत बाहेर काढून तिने मागे पाहिलं, तर अंगणात येसू नव्हती.

घरात नव्हती. ओढ्यावर नव्हती. गोजराच्या डोळ्यांपुढे खाणीचं हिरवं पाणी आलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती तशीच लाल हातांनी धावत सुटली. आधी खाणीच्या वाटेला लागली. मग तिला कोठाराचं दार उघडं दिसलं आणि ती तिकडे वळली.

आत मुलं बसली होती. त्यांच्यात, आपल्या जागेवर, येसू बसली होती. एकटी चालत आली होती. रोज आई आणायची त्या वाटेने, पण आईवाचून. समोर पाटी होती, आणि तिचे दोन्ही हात पाखरासारखे हलत होते. शेजारचा मुलगा त्या हातांकडे बघतही नव्हता. तो आपलं गणित करत होता.

गोजरा दाराला धरून उभी राहिली.

येसूने मान वर केली. आईच्या कपाळाकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. मग दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचं वाक्य बोलली.

"आई, घरी जा. मी शाळेत आहे."

गोजरा घरी गेली. त्या दिवशी तिने सूत ढवळताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

म्हणून सांगतो, जिथे आपल्या मुलाचं काहीच लपवावं लागत नाही, तीच त्या मुलाची शाळा.